‘फास्ट फाइव्ह’: तिजोरीचं वजन खरं, माणसांचं खोटं

प्रश्न असा आहे: ‘फास्ट अँड फ्युरियस’ मालिकेतला पाचवा भाग, म्हणजे २०११ चा ‘फास्ट फाइव्ह’, सगळ्यांत सरस का मानला जातो? शर्यतीच्या मालिकेत शर्यती जवळपास नाहीत. शेवटी दोन गाड्या एक अवाढव्य तिजोरी भर शहरातून फरफटत नेतात. तरी लोक त्याला डोक्यावर घेतात, ते का?

आधी निकाल सांगतो. सिक्वेल म्हणून हा चित्रपट पक्का आहे, शर्यतीचा चित्रपट म्हणून कच्चा. जिथे कॅमेऱ्यासमोर खरोखर जड वस्तू हलवली, आपटली, उलटवली, तिथे तो आजही टिकतो. जिथे वजन सोडून दिलं, मग ते गाडीचं असो की मरणाऱ्या माणसाचं, तिथे तो पोकळ वाजतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००१ चा पहिला भाग लॉस एंजेलिसमधल्या बेकायदा शर्यती आणि ट्यून केलेल्या जपानी गाड्यांवर उभा होता. २००३ च्या दुसऱ्या भागात मालिकेचा नायक विन डिझेल नव्हता. २००६ चा तिसरा टोकियोतल्या ड्रिफ्टिंगवर, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळण घेण्यावर होता, आणि दिग्दर्शक जस्टिन लिन तिथून मालिकेत आला. २००९ च्या चौथ्या भागाने जुने चेहरे परत आणले आणि जगभरात सुमारे ३६ कोटी डॉलर कमावले. पाचव्याचा खर्च साडेबारा कोटी डॉलर आणि कमाई साधारण ६२.६ कोटी. ही उडी फक्त मोठ्या स्फोटांमुळे मारता आली नाही. गाड्यांचे शौकीन जेवढे येणार तेवढे आधीच येत होते. बाकीच्यांना आणायचं तर गोष्टीचा प्रकारच बदलायला हवा, हे स्टुडिओने ओळखलं. म्हणून शर्यतीच्या जागी दरोडा आला. गाडी पूर्वी गोष्टीचा विषय होती, आता ती दरोड्याचं हत्यार झाली.

दरोड्याच्या गोष्टीत लेखकाला एक आयती सोय मिळते. अडचण, उपाय, उपाय फसणं, नवा उपाय, अशी शिडी तयारच असते. ख्रिस मॉर्गनच्या पटकथेने ती चांगली वापरली आहे. उत्तम नमुना म्हणजे पोलीस ठाण्याच्या तळघरातल्या कॅमेऱ्यांचा प्रसंग. रिओतल्या रेयेस या अमली पदार्थांच्या माफियाचा पैसा ठाण्यातल्या तिजोरीत आहे आणि तिथवर जाणाऱ्या वाटेवर कॅमेरे फिरत असतात. कॅमेरा वळून परत यायच्या आत गाडी निघून गेली पाहिजे. डॉमिनिक (विन डिझेल) आणि त्याचा जोडीदार ब्रायन यांची टोळी गोदामात त्या वाटेची हुबेहूब नक्कल उभारते आणि एकामागून एक गाडी पळवून बघते. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यात गाडीचा निदान शेपटाचा भाग सापडतोच. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की वेगाने भागत नाही, कॅमेऱ्याला खटकणार नाही अशी गाडी हवी. पोलीस ठाण्यात न खटकणारी गाडी कोणती? पोलिसांचीच.

हे मुद्दाम बारकाईने सांगतोय, कारण एवढ्याशा प्रसंगात पटकथेचं बरंच काम होऊन जातं. ड्रायव्हिंगचं कौशल्य दिसतं, ते अपुरं पडतं हेही दिसतं, तोडगा डोक्याने निघतो आणि पुढच्या प्रसंगाचं निमित्त तयार होतं. चोरलेल्या चार पोलीस गाड्या रात्री रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला शेजारी शेजारी थांबतात आणि पाव मैलाची पैज लागते. पुढे हे सगळं नियोजन मोडीत निघतं आणि शेवटी भिंत फोडून तिजोरीच उपटायची वेळ येते. सगळे पर्याय संपल्यावर उरलेली आडदांड युक्ती, अशा रूपात ती येते म्हणून पटते. पहिल्याच बैठकीत कुणी ‘तिजोरीला दोर बांधून ओढू’ म्हटलं असतं तर थिएटरात हशा पिकला असता.

आता तिजोरीकडे वळू. शेवटची दहाएक मिनिटं ती रस्त्यावर असते, आणि चित्रपटाचं खरं भांडवल तेच आहे.

चित्रीकरणासाठी तिजोरीच्या सहा आवृत्त्या बनवल्या होत्या. एक म्हणजे ट्रकच्या बाजूला लावलेला नुसता दर्शनी भाग, जवळच्या शॉटसाठी. सर्वांत कल्पक आवृत्ती आतून गाडीच होती: मजबूत केलेला, स्वतःच्या चार चाकांवर धावणारा सुमारे चार टनांचा ठोकळा. त्याच्या आत बसून हेन्री किंगी हा स्टंट ड्रायव्हर तो चालवत होता. पुढे तीस फुटी, म्हणजे नऊएक मीटरच्या केबलींनी दोन डॉज चार्जर जोडलेल्या. आतलं तापमान ३८ अंशांच्या वर जायचं, म्हणून त्याला अंग थंड ठेवणारा खास पोशाख घालावा लागे. रिओ म्हणून दिसणारे हे रस्ते बहुतांशी पोर्तो रिकोतल्या सान हुआनचे आहेत.

स्वतः चालणारी तिजोरी कशाला? साधा हिशेब करून बघा. कथेतली तिजोरी दहा टनांच्या घरातली धरू. पोलाद डांबरावर घसरताना घर्षणाचा गुणांक ढोबळमानाने ०.४ ते ०.५ असतो. म्हणजे ती नुसती सरकत ठेवायला चार ते पाच टनांची ओढ लागेल. त्या पिढीची चार्जर एसआरटी-८ म्हणजे ६.१ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४२५ हॉर्सपॉवर, वजन १,९०० किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. जोरात ओढताना मागच्या चाकांवर साधारण हजार किलो भार येईल. चांगल्या टायरची कोरड्या रस्त्यावरची पकड भाराच्या ०.९ पट धरली तर एका गाडीची ओढ ९०० किलो. दोघींची मिळून दोन टनांच्या आत. तिजोरी जागची हलणार नाही; चाकं जागेवर फिरतील, धूर निघेल, टायर संपतील.

इथे हॉर्सपॉवर वाढवून काही साधत नाही, कारण अडतं ते टायर आणि रस्ता यांच्या मध्ये. आणि पकड कशीबशी मिळाली असं मानलं, तरी साडेचार टनांची ओढ ताशी ६० किलोमीटरने टिकवायला हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर प्रत्यक्ष चाकांवर लागतील. दोन्ही इंजिनांची कागदावरची बेरीज ८५०.

आता तोच हिशेब चार टनांच्या ठोकळ्याला लावा. तो घसरवायला दोन टनांच्या जवळपास ओढ लागेल, म्हणजे दोन चार्जर अगदी काठावर येतात. कागदावर जमतं, पण चढ, खड्डा किंवा वळण आलं की संपलं. म्हणून त्याला चाकं दिली, इंजिन दिलं, आत माणूस बसवला. केबल ताणलेली दिसते, ओढणं बरंचसं ठोकळा स्वतःच करतो. पुन्हा पाहाल तेव्हा केबलवर नजर ठेवा. ती ढिली पडली आणि तिजोरीचा वेग मात्र कायम राहिला, तर आतला ड्रायव्हर कामाला लागलाय असं खुशाल समजा.

‘केबल तुटणार नाही का’ असंही विचारलं जातं. केबल हा या साखळीतला बळकट भाग आहे. १६ मिलिमीटर जाडीचा चांगला वायर रोप पंधरा टनांच्या आसपास तुटतो. आधी निकामी होईल ती गाडीची मागची बाजू. चार्जरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. त्यात जोडणी दणकट केली नाही, तर पहिल्याच झटक्याला हुकासकट मागचा भाग उपटून येईल. झटका हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ढिली केबल एकदम ताणली जाते तेव्हा क्षणभर येणारा भार संथ ओढीच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच असल्या स्टंटमध्ये आधी सावकाश केबल ताणून घेतात, मग वेग वाढवतात.

गंमत अशी की इतकं अशक्य असूनही या प्रसंगातल्या हालचालीची दिशा बरोबर आहे. दोराने वस्तू ओढता येते, थोपवता येत नाही. गाड्या वळल्या की तिजोरी सरळ जायला बघणार. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर ताशी ३१ किलोमीटरच्या वर ती बाहेर फेकली जाते. चित्रपटात नेमकं तेच होतं: कोपरा आला की तिजोरी झोका घेते, उभ्या गाड्या चिरडते, इमारतीत घुसते. डोळ्यांना हे पटतं, कारण जड सामान ओढताना ते कसं वागतं हे प्रत्येकाने बघितलेलं असतं. आकडे खोटे, वागणूक खरी. ॲक्शन प्रसंगात यापेक्षा मोठी अट पाळावी लागत नाही.

एक संधी मात्र हुकली. ताशी ६० च्या वेगात गाडी कचकन ब्रेक लावून १६ मीटरमध्ये थांबेल. तीच तिजोरी घसरत तीस मीटरपर्यंत येईल. म्हणजे या दोघांना ब्रेक लावताच येत नाही, लावला तर तिजोरी मागून अंगावर येणार. ही भीती एका वाक्यात प्रेक्षकाच्या कानावर घातली असती तर सगळा पाठलाग दुप्पट ताणाचा झाला असता. प्रेक्षकाला नियम आधी सांगा, मग तो मोडायची वेळ आणा, हा धंद्यातला जुना धडा. कॅमेऱ्यांच्या प्रसंगात तो पाळला, इथे विसरला.

पुलावरचा शेवट हा चढता भाग, आणि घसरणीची सुरुवातही. (हा पूल सान हुआनचा तेओदोरो मोस्कोसो.) डॉमिनिक ब्रायनची गाडी सोडवतो, एकट्याच्या चार्जरने तिजोरी ओढतो आणि ती गोफणीसारखी फिरवून पोलिसांच्या गाड्या उडवतो. मघाशी दोन गाड्यांना जिवाच्या आकांताने ओढावी लागणारी वस्तू आता एक गाडी खेळवते. पदार्थविज्ञान राहू द्या, चित्रपटाने स्वतःच ठरवलेलं माप इथे मोडलं. प्रेक्षक न्यूटनच्या नियमांसाठी अडून बसत नाही, पण पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच दाखवलेलं त्याच्या लक्षात असतं.

पैशांच्या वजनाचंही थोडं. लुटीचा आकडा दहा कोटी डॉलर. डॉलरची नोट कोणतीही असो, वजन एक ग्रॅम. सगळ्या शंभरच्या नोटा असत्या तर दहा लाख नोटा, म्हणजे एक टन, आणि जागा लागली असती जेमतेम १.१ घनमीटर, म्हणजे मोठ्या कपाटाइतकी. मग एवढी तिजोरी कशाला? पण अमली पदार्थांचा पैसा सुट्या नोटांत येतो. सगळ्या वीसच्या धरल्या तर पाच टन आणि साडेपाच घनमीटरच्या वर. तेव्हा खोलीएवढी तिजोरी तशी हास्यास्पद नाही. फक्त तेवढं वजन तिजोरीच्या वजनात मिळवलं की मघाचा हिशेब आणखी बिघडतो.

संकलनाबद्दल. पाठलागात प्रेक्षकाला तीन गोष्टी सतत कळाव्या लागतात: कोण पुढे, कोण मागे, आणि दोघांत अंतर किती. तिजोरीच्या प्रसंगात हे विलक्षण स्वच्छ आहे, आणि त्याचं बरंच श्रेय मांडणीला जातं. दोन काळ्या गाड्या, त्यांच्या मागे एक चकाकता ठोकळा, मध्ये दोन रेघा. ही आकृती कुठल्याही कोनातून, अर्ध्या सेकंदाच्या शॉटमध्येही ओळखू येते. उलट सुरुवातीचा आगगाडीचा दरोडा बघा. तिथे ट्रक, आगगाडीचा डबा, जीटी४०, पँटेरा आणि कॉर्व्हेट या गाड्या, आणि आतबाहेर मारामाऱ्या. शॉट एकेकटे देखणे आहेत, पण कोण डब्यात, कोण ट्रकवर, कोणती गाडी उतरली याचा मधूनच पत्ता लागत नाही.

त्या प्रसंगाचा शेवट तर वजनशून्य. कॉर्व्हेट कड्यावरून नदीत कोसळते आणि डॉमिनिक व ब्रायन हवेतच गाडीतून सुटून पाण्यात पडतात. उंची पन्नास मीटर धरली तर पाण्यावर आदळताना वेग ताशी ११० च्या वर. त्या वेगात बरगड्या आणि मणका यांचं काय होतं ते सांगायला नको. हे दोघे मात्र केस पुसत बाहेर येतात. वीस मिनिटांतच प्रेक्षकाला समजतं की ह्यांना काही होणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगातला धोका तेवढा पातळ होतो. शिवाय हा भाग कॅलिफोर्नियातल्या राइसजवळ, मोहावी वाळवंटात चित्रित केलेला. रिओभोवती दमट हिरवे डोंगर आहेत. हे उघडं कोरडं माळरान कुठून आलं, असा प्रश्न ब्राझील न पाहिलेल्यालाही पडतो. झोपडपट्टीच्या छपरांवरचा पायी पाठलागही पोर्तो रिकोतल्या नारानहितोचा आहे, पण तो खपून जातो, कारण डोंगरउतार, दाटी आणि पत्रे फुटून खाली पडणारी माणसं खरी वाटतात.

शर्यतीच्या बाबतीत दिग्दर्शकाने एक धीट निर्णय घेतला. डॉमिनिक आणि ब्रायन स्थानिक शर्यतवाल्यांच्या अड्ड्यावर जातात, गाडीवर गाडी लावायची पैज ठरते, आणि थेट कट: दोघे जिंकलेली पोर्शे घेऊन गोदामात परततात. शर्यत दाखवलेलीच नाही. लय सांभाळण्यासाठी हे बरोबर आहे, कारण निकाल सगळ्यांना ठाऊक होता आणि ती शर्यत गोष्टीला एक इंचही पुढे नेत नव्हती. पण गाड्यांसाठी आलेल्या प्रेक्षकाची ती फसवणूकच. त्या बदल्यात मिळते ती पोलीस गाड्यांची पाव मैलाची पळापळ. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. असल्या गाडीला १३-१४ सेकंद पुरतात. पडद्यावर ते अंतर संपता संपत नाही. तरी हा प्रसंग गोड आहे, कारण त्यात पैज वरवरची आणि स्वभाव खरे आहेत. ब्रायन जिंकतो, डॉमिनिकने शेवटी पाय सैल सोडला हे बाकीच्यांना दिसतं, आणि ब्रायनला ते मान्य करायचं नसतं.

ड्वेन जॉन्सनचा हॉब्स, म्हणजे टोळीच्या मागावर असलेला अमेरिकी अधिकारी, ही या भागाची दुसरी मोठी जमेची बाजू. डॉमिनिकला तोवर शरीराने तोडीस तोड माणूसच भेटला नव्हता. गोदामातल्या मारामारीत भिंती आणि काचा जातात ते ठीक, पण खरा क्षण पान्याचा आहे. डॉमिनिक मोठा पाना उचलतो, हॉब्सच्या डोक्यावर आणतो आणि शेजारी जमिनीवर आपटतो. पहिल्या भागात त्याने सांगितलेलं असतं की वडिलांच्या मृत्यूनंतर त्याने एका माणसाला पान्याने जवळजवळ ठार केलं होतं. दहा वर्षांपूर्वीचा एक संवाद इथे एकही शब्द न उच्चारता वटवला. सिक्वेलने जुन्या भागांचा वापर करावा तो असा. दुखापतीचं मात्र पुन्हा तेच: थोड्याच वेळात दोघेही ठणठणीत.

सगळ्यांत मोठी उणीव मेलेल्यांच्या हिशेबात आहे. आरंभी डॉमिनिकला सोडवताना कैद्यांची बस कोलांट्या खाते आणि लगेच बातमीत सांगून टाकतात की कुणी दगावलं नाही. तो संवाद केवळ नायकांचे हात स्वच्छ ठेवायला टाकलेला आहे. शेवटी तर डझनभर पोलीस गाड्या चिरडल्या जातात. त्यासाठी आधीच सांगून ठेवलंय की रेयेसने अख्खं पोलीस खातं विकत घेतलंय. हॉब्सची माणसं एका गल्लीत काही सेकंदांत संपतात आणि त्यांची नावंही लक्षात राहत नाहीत. डॉमिनिकचा जुना मित्र विन्स याच्या मृत्यूला तेवढी जागा मिळते, कारण दोघांचा जुना हिशेब होता. एकाच्या मरणाला वजन, बाकीचे पत्र्यासारखे. स्त्री पात्रांचंही असंच: डॉमिनिकची बहीण मिया हिला बहुतेक वेळ संगणकाजवळ बसवलंय, आणि रेयेसच्या हाताचा ठसा मिळवायला टोळीतल्या जिझेलच्या अकलेपेक्षा तिची बिकिनी कामी येते.

मरण हलकं करायची ही सवय शेवटच्या श्रेयनामावलीच्या मध्येच पुढच्या भागांना लागते. हॉब्ससमोर एक फाइल येते: चौथ्या भागात मेलेली डॉमिनिकची प्रेयसी लेटी जिवंत आहे. थिएटरात शिट्ट्या पडल्या असतील, पण त्या क्षणापासून या मालिकेत कुणाचं मरण पक्कं राहिलं नाही. लेटी २०१३ च्या सहाव्या भागात परतली, टोळीतला हान २०२१ च्या नवव्यात.

पण २०११ मध्ये हान अजून मरणारच होता. पाचव्या भागाची गोष्ट कालक्रमाने तिसऱ्याच्या आधी घडते, आणि तिसऱ्यात तो टोकियोत मरतो. शेवटी जर्मनीतल्या महामार्गावर लेक्सस एलएफए चालवताना तो जिझेलला म्हणतो की टोकियोला जाऊच कधीतरी, आणि गाडी उगाच फिरत राहते. पहिल्यांदाच बघणार असाल तर २००६ चा भाग आधी बघून घ्या, मग हा.